एकाच स्वयंपाकात बाळाचा वाटा: केव्हा काढायचा, कसा काढायचा

मंदआच

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी रोज वेगळा स्वयंपाक करायची गरज नसते. वरण, भात, उसळ, फळभाजी, पोळी या प्रत्येकात एक वेळ अशी येते की पदार्थ शिजलेला असतो, पण मीठ-तिखट अजून पडलेलं नसतं. त्या वेळी बाळाचा वाटा काढून ठेवला की काम झालं. त्यासाठी आपल्या नेहमीच्या कृतींचा क्रम थोडा बदलावा लागतो. कोणत्या पदार्थात तो कसा बदलायचा, हे इथे एकत्र करू या. मापं सगळ्यांनी सारखी धरा: वाटी १५० मिली, चमचा म्हणजे चहाचा, ५ मिली.

सुरुवात कुकरपासून.

वरण: १ वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवून ३ वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि तेलाचे चार थेंब घालून लावायची. कुकरमध्येच मीठ घालायची सवय असेल तर ती आधी मोडा. वाफ आपोआप उतरू द्यायची, डाळ घोटायची आणि पहिल्या २-३ पळ्या बाळाच्या. मग मीठ, गूळ, फोडणी. वाटा डब्याच्या तळातून घ्या. वर नुसतं पिवळं पाणी तरंगत असतं आणि बरेच जण बाळाला तेच भरवतात. डाळीचं पाणी पोट भरतं, पण त्यात प्रथिनं आणि उष्मांक अगदीच थोडे असतात. पळीतून संथपणे पडेल इतकं दाट वरणच द्यायचं.

गुरगुट्या भात: २ चमचे तांदूळ आणि १ चमचा मूगडाळ धुऊन एका छोट्या डब्यात घ्या, पाचपट पाणी घाला (म्हणजे अर्धी वाटी) आणि हा डबा मोठ्यांच्या भाताच्या डब्याशेजारी किंवा वर ठेवा. डबा निम्म्याहून जास्त भरायचा नाही. जास्त भरला तर पेज उतू जाऊन कुकरच्या पाण्यात उतरते, डब्यात कोरडा गोळा उरतो आणि फेस शिट्टीच्या भोकापर्यंत चढू शकतो. शिजल्यावर गरम असतानाच चमच्याच्या पाठीने मोडायचा. गार झाला की दाणा आखडतो आणि तितका मऊ मोडत नाही.

अबोली

भाताचं लगेच करून बघते. भाजीचं मात्र जमत नाही. आमच्याकडे फोडणीतच तिखट आणि गोडा मसाला पडतो. बाळाचा वाटा काढून तिखट वरून घातलं तर भाजी कच्चट लागते, मीठही आत शिरत नाही. मग मोठी माणसं नाकं मुरडतात.

खापरपोळी

अबोली, तिखट वरून भुरभुरवलं तर कच्चट लागणारच. फोडणी दोन हप्त्यांत करायची.

पहिली फोडणी नेहमीच्या निम्म्या तेलात: जिरं, हिंग, हळद. मोहरी घातली तर ती पूर्ण तडतडू द्या, अर्धवट राहिलेली मोहरी कडू लागते. कढीपत्ता पहिल्या फोडणीत नको, त्याचं पान मुलांच्या टाळूला चिकटतं. यात भाजी झाकणावर पाणी ठेवून शिजवायची. दुधी, लाल भोपळा, पडवळ, फरसबी, फ्लॉवर सगळं असं होतं. शिजली की बाळाचा वाटा काढा.

आता उरलेल्या भाजीत मीठ. ते नुसतं टाकू नका. २ चमचे गरम पाण्यात विरघळवून सगळीकडे फिरवा आणि झाकण ठेवून मंद आचेवर ४ मिनिटं राहू द्या. मग कढल्यात उरलेलं तेल तापवा, कढीपत्ता टाका, गॅस बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग तिखट, गोडा मसाला घाला. तेल फार तापलेलं असेल तर तिखट काळं पडून ठसका लागतो. फार निवलं तर कच्चं राहतं. बरोबर तापमानाला तिखट बारीक फेसाळतं आणि तेलाला लाल रंग सुटतो. हे कढलं भाजीवर ओतून लगेच झाकण घालायचं. ही भाजी एकाच फोडणीच्या भाजीपेक्षा चवीला कमी नसते. मला तर मसाल्याचा वास जास्त ताजा वाटतो.

उसळीलाही हेच, पण एक फरक: मीठ घातल्यावर रश्शाला निदान ५-६ मिनिटं उकळी द्या, कडधान्याच्या आत मीठ जायला वेळ लागतो. आमसूल आणि गूळ मात्र कडधान्य पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर दाणा टणक राहतो, आणि टणक दाणा लहान मुलाला चालत नाही.

भरली वांगी, पाटवड्या, मसालेभात यांत अशी वेळ येतच नाही. त्या दिवशी बाळाला वरण-भात द्यावा.

रोळी

मोड आलेल्या मुगाबद्दल जोड देते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मूग शिजवून चाळणीतून दाबून द्यायचे, सालं वर राहतात. आणि कच्चे मोड लहान मुलांना कोशिंबिरीत नकोत. मोड येताना जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. पूर्ण शिजवलेलेच द्यावेत.

सानवी_आई

नाचणीबद्दल कुणी नीट सांगेल का? बाजारच्या पिठाची खीर लगेच घट्ट होते, पाणी वाढवलं की बेचव होते आणि गुठळ्या राहतात. सत्त्व चांगलं की पीठ? घरात दोन मतं आहेत.

रोळी

सानवी_आई, पीठ घट्ट होण्याचं कारण आधी बघू. साध्या नाचणीचा स्टार्च गरम पाण्यात फुगतो. चमच्याने भरवण्याइतकी पातळ खीर करायची तर भरपूर पाणी घालावं लागतं. म्हणजे बाळाचं इवलंसं पोट पाण्यानेच भरतं. मोड आणलेल्या नाचणीत अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार झालेलं असतं, ते स्टार्च तोडतं. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घालूनही खीर पातळ राहते. आपल्याकडे मोड आणून पीठ करण्याची जी पद्धत आहे तिचा खरा फायदा हाच. शिवाय मोड आल्याने फायटेट (दाण्यातलं लोह धरून ठेवणारं द्रव्य) कमी होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते.

कृती, अर्ध्या किलोची:

नाचणी चार-पाच पाण्यांनी रोळून घ्या. रोळणं म्हणजे पाण्यात हलवून वरवरची नाचणी दुसऱ्या भांड्यात ओतत जायची आणि तळाची खर मागे ठेवायची. नुसतं चोळून धुतलं तर वाळू राहते आणि खिरीत करकर लागते. १०-१२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात २४ तास, थंडीत ३६ ते ४८. दर आठ तासांनी पाण्याचा हबका द्या आणि पुरचुंडी हलवा, नाहीतर मधली नाचणी तापते आणि आंबूस वास मारते. मोड २-३ मिलिमीटरचे झाले की थांबायचं. लांब मोड आणले तर पीठ कडसर होतं आणि दाण्यातलं सत्त्वही मोडातच खर्च होतं.

मग पंख्याखाली किंवा उन्हात पातळ पसरून वाळवा. दाणा दाताखाली कट्‌ असा तुटला पाहिजे. चिवट लागला तर अजून ओल आहे. वाळल्यावर हाताने चोळून पाखडा, मोड गळून जातात. शेवटी जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर ५-६ मिनिटं, नुसता खमंग वास सुटेपर्यंत. इथे बहुतेकांचं चुकतं. लाह्या फुटेपर्यंत भाजलं तर विकर मरतं, आणि मोड आणण्याची सगळी मेहनत वाया जाऊन साध्याच पिठासारखी घट्ट खीर होते.

दळून बारीक चाळणीने चाळा. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत महिनाभर, पावसाळ्यात फ्रिजमध्ये. वाळवताना कुठे काळा-हिरवा ठिपका किंवा कुबट वास आला तर सगळी नाचणी फेकायची. बुरशीची विषं भाजून जात नाहीत.

खीर: ३ चमचे पीठ, १ वाटी गार पाणी. आधी दोन चमचे पाण्यात पीठ कालवून गुठळी मोडा, मग उरलेलं पाणी घाला. गरम पाण्यात पीठ टाकलं की प्रत्येक कणाभोवती चिकट पापुद्रा धरतो आणि आत कोरडं राहतं, गुठळी तिथेच होते. गॅस मंद. वाफ दिसायला लागेल पण बुडबुडे येणार नाहीत, अशा आचेवर ४-५ मिनिटं सतत ढवळा. विकर याच ऊबेत काम करतं. खीर आधी दाटते आणि मग हळूहळू सैल होते, ते चमच्याला कळतं. मग आच वाढवून उकळी आणा आणि आणखी २-३ मिनिटं शिजवा. खाली उतरवून अर्धा चमचा साजूक तूप. गोडीला मऊ शिजवलेला खजूर किंवा कुस्करलेलं केळं.

सत्त्व की पीठ: सत्त्व काढताना आपण मोडाची नाचणी वाटून, दूध गाळून, चोथा बाजूला ठेवतो. ते पचायला हलकं आणि मऊसूत असतं, पण नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः सालीत असतं आणि ते बरंचसं चोथ्यात जातं. ज्या कॅल्शियमसाठी नाचणी देतो तेच गाळायचं, हे मला पटत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात सुरुवातीला सत्त्व द्या, आठव्यापासून चाळलेलं पीठ. सत्त्व केलंत तर चोथा फेकू नका, मोठ्यांच्या धिरड्यात जातो. दूध निवळायला ठेवाल तेव्हा उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर सहा तासांत आंबतं.

खापरपोळी

रोळी, सालीचा मुद्दा बरोबर आहे, पण सगळ्या बाळांना आठव्या महिन्यात पीठ झेपत नाही. शी घट्ट होत असेल किंवा पोट फुगत असेल तर आठवडाभर निम्मं सत्त्व, निम्मं पीठ करावं. आणि खिरीत जायफळ घालणाऱ्यांसाठी: सहाणेवर एखादा वेढा, बस. झोप लागावी म्हणून जास्त उगाळणं धोक्याचं आहे, जायफळाची मात्रा वाढली तर ते विषारी ठरतं.

हडसनकाठ

इथे न्यू जर्सीत थंडीत नाचणीला मोडच येत नाहीत. तीन दिवसांनी वास यायला लागतो.

रोळी

घर उबदार वाटलं तरी ओट्यावरचं फडकं गार पडतं. पुरचुंडी चाळणीत ठेवून ती चाळणी बंद ओव्हनमध्ये ठेवा, फक्त आतला दिवा चालू. तेवढ्यानेच पुरेशी ऊब येते. खाली एक वाटी कोमट पाणी ठेवा म्हणजे फडकं सुकणार नाही. आणि नाचणी पॉलिश केलेली किंवा खूप जुनी असेल तर काही केलं तरी मोड येत नाहीत. आधी मूठभर भिजवून बघा, दीड दिवसात निम्म्याहून जास्त दाणे फुटले तरच अर्धा किलो भिजवा.

सानवी_आई

खूप आभार, रोळीताई. आजच भिजवते. एक शंका: भात-वरण मिक्सरमधून काढलं तर चालतं ना? गिळायला सोपं जातं.

मंदआच

मिक्सर नको, दोन कारणांनी. शिजलेला भात पात्याखाली गेला की स्टार्च बाहेर येऊन डिंकासारखा चिकट होतो, आणि बाळाला तो गिळायला सोपा नाही तर अवघड जातो. दुसरं म्हणजे चावायला शिकण्याचं वय निघून जातं. सहाव्या महिन्यात गुळगुळीत, सातव्या-आठव्यात चमच्याने मोडलेलं, नवव्या महिन्यापर्यंत मऊ गाठी असलेलं, आणि वर्षाचं झालं की घरचंच जेवण बारीक करून, असं पुढे सरकायला हवं. गाठी फार उशिरा सुरू केलेली मुलं पुढे घास तोंडात धरून बसतात किंवा उलटी काढतात.

साधनं घरचीच: रवी, पुरणयंत्र, पिठाची चाळणी, चमच्याची पाठ. पुरणयंत्राची मोठी जाळी आठव्या महिन्यासाठी अगदी बरोबर असते. शेवग्याच्या शेंगेचा गर मात्र चमच्याने खरवडून घ्या, चाळणीतूनही त्याचे धागे येतात. पालेभाजी शिजल्यावर पुन्हा सुरीने बारीक करा. पालकाचं लांब पान टाळ्याला चिकटलं की मूल घाबरतं आणि पुढे हिरवं दिसलं तरी तोंड फिरवतं.

हातात धरून खायला द्यायचं असेल तर गाजर, भोपळा, रताळं बोटाएवढं लांब कापून वाफवा. गाजराला १२-१५ मिनिटं लागतात. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकं दाबल्यावर चेपलं गेलं तरच द्या.

अबोली

मीठ-साखर-मध याबद्दल घरात रोज वाद. मीठ नसेल तर बाळ खाणार कसं, असं सासूबाई म्हणतात.

खापरपोळी

वर्षाच्या आत वरून मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. गुळात खनिजं थोडी जास्त असतात, पण तो साखरच आहे. दोन वर्षांपर्यंत साखर-मीठ जास्त असलेले पदार्थ टाळावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेतही आहे. मूल बिनमिठाचं खातं, कारण त्याला मिठाची चव अजून लागलेली नसते. अळणी आपल्याला लागतं, त्याला नाही. सासूबाईंना चवीचीच काळजी असेल तर तुपात परतलेलं जिरं वाटून, धणेपूड, कोथिंबीर, आल्याच्या रसाचे दोन थेंब घालायला सांगा. त्यांच्या हातालाही काम राहील.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही. चाटवायचा नाही आणि खिरीत शिजवूनही नाही. त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, घरच्या शिजवण्याने ते मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात.

दाण्याचं कूट टाळू नका. पूर्वी उशिरा द्या म्हणायचे, आता सहा महिन्यांनंतर लवकर सुरू केलेलं बरं असं मानतात, त्याने ॲलर्जीची शक्यता कमी होते. भाजलेले दाणे सालं काढून लोण्यासारखे वाटायचे, पाव चमचा घेऊन पातळ भातात कालवायचं, सकाळच्या वेळी, आणि पुढचे दोन तास लक्ष ठेवायचं. अंगावर तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खे दाणे, फुटाणे, लाह्या, कच्चं गाजर, कडक बर्फी हे चार वर्षांपर्यंत नकोच, श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. आडवी चिरली तर गोल चकती राहते आणि तीच अडकते.

लोहासाठी एक सोपी सवय: वरणावर, पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब. गॅस बंद करून, ताटात. उकळत्या वरणात पिळलं तर क जीवनसत्त्व जातं. आणि जेवणाबरोबर चहा-बिस्किट नको, चहाने लोह कमी शोषलं जातं.

किनारपट्टी

मासे खाणाऱ्या घरांसाठी लिहितो. कोकणात, गोव्यात कालवणाचं वाटणच तिखट असतं, त्यामुळे मधून वाटा काढायची सोय नाही. पण मासा मात्र तोच वापरता येतो. मुलांसाठी मुडदुशी सर्वांत चांगली, मांस मऊ आणि काटे सरळ ओळीत. पापलेटही चालतं. तारली, पेडवे नकोत, केसासारखे काटे असतात आणि कितीही शोधले तरी उरतात.

साफ केलेल्या तुकड्याला हळद आणि आमसुलाचं पाणी लावून १० मिनिटं ठेवा. पातेल्यात पाण्याला उकळी आणा, वर चाळणीत केळीचं पान आणि त्यावर मासा, झाकण ठेवून ७-८ मिनिटं. मांस पांढरंशुभ्र होऊन काट्यापासून सहज सुटलं की झालं. काटे चमच्याने काढायचे नाहीत. हात धुऊन, मांस बोटांनी चुरगळत काढायचे, एकदा काढल्यावर ताटलीत पसरून पुन्हा एकदा चाचपायचं. काटा डोळ्यांआधी बोटांना लागतो. मग २ चमचे नारळाच्या जाड रसात कोमट करून मऊ भाताबरोबर. नारळाचा रस उकळू द्यायचा नाही, फाटतो. पहिल्यांदा देताना दाण्याच्या कुटासारखंच थोडं, आणि सकाळी.

हडसनकाठ

दोघंही नोकरीला, त्यामुळे रविवारी करून ठेवतो. काय टिकतं?

मंदआच

मीठ नसलेलं, शिजवून कुस्करलेलं मूगडाळ-दुधी, भोपळा, राजमा हे बर्फाच्या साच्यात गोठवा. एका खणात साधारण २ मोठे चमचे बसतात. गोठल्यावर पिशवीत काढून तारीख लिहा, महिनाभर वापरा. रात्रीच फ्रिजमध्ये उतरवा, सकाळी वाफ येईपर्यंत गरम करा. एकदा गरम केलेलं पुन्हा गोठवायचं नाही, आणि बाळाचा उष्टा चमचा ज्या वाटीत गेला ती वाटी परत ठेवायची नाही. मायक्रोवेव्हमध्ये कुठे चटका बसेल इतकं गरम, तर कुठे गार राहतं, म्हणून ढवळून, मिनिटभर थांबून, मनगटावर बघूनच भरवा.

भाताची काळजी वेगळी. शिजवूनही न मरणारे बीजाणू तांदळात असतात. भात ओट्यावर कोमट पडून राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात परातीत पसरून तासाभरात फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. लहान मुलाला मात्र ताजाच लावलेला बरा, डब्यातल्या डब्यात होतो.

सानवी_आई

मोठी मुलगी अडीच वर्षांची आहे. तिला थालीपीठ आवडतं, पण डब्यात गेलं की चामड्यासारखं होतं.

खापरपोळी

पीठ घट्ट मळलं जातंय आणि तव्यावर फार वेळ राहतंय. १ वाटी भाजणीला पाव वाटी किसून वाफवलेला दुधी किंवा कोबी, १ चमचा तेल, आणि गरम पाण्याने अगदी सैल मळा, हाताला चिकटेल इतकं. १५ मिनिटं झाकून ठेवा, भाजणी पाणी पिते, मग लागलं तर अजून एक-दोन चमचे पाणी. ओल्या फडक्यावर थापा, मधे एक आणि कडेने चार भोकं पाडून त्यांत तेल सोडा. पहिली बाजू झाकण ठेवून मध्यम आचेवर ३ मिनिटं, दुसरी झाकणाशिवाय दीड मिनिट. मंद आचेवर दहा मिनिटं ठेवलं तर ओल उडून जाते आणि तेच चामडं होतं.

डब्यात भरण्याआधी जाळीवर पूर्ण निववा, गरम बंद केलं तर वाफेचं पाणी सुटून खालची बाजू गिच्च होते. चार तुकडे करून मधे लोणी लावून घडी घाला. तिची भाजणी वेगळी करायला नको. पिठात तिखट न घालता पहिली दोन तिची थापायची, मग उरलेल्या पिठात मीठ-तिखट-ओवा मळून मोठ्यांची.